तंबोऱ्याला खिडकी

आडतीत तुरीची थप्पी लावतात बघा, पोत्यावर पोतं, तसे आमच्या मंडळाचे किस्से रचत गेलेत. आता पंचाईत अशी, की खालचा एक ओढला तर वरचे सगळे अंगावर येतात. कुणी चहा पिता पिता नुसतं म्हणावं, "मामा, ते विमानाचं सांगा," की माझा चहा गार झालाच!

मंडळ म्हणजे फार मोठं न्हाई. चार माणसं. गाणारे शिवलिंगअप्पा, लातूरचे. गंजगोलाईत त्यांचं डाळीचं दुकान आहे. पेटीवर गंगाधर मास्तर. शाळेतून रिटायर होऊन विष्णुपुरीला राहतात, आणि इंग्रजी फॉर्म भरायची वेळ आली की सगळे त्यांच्याकडं बघतात. तबल्यावर नांदेडचे रशीदभाई. आणि मागं तंबोरा घेऊन बसणारा मी, किसन. लोह्याजवळच्या खेड्यात माझं घर, थोडी जमीन. अप्पा सोडून सगळे मला मामा म्हणतात.

पाचवा तंबोरा. पण त्याला मंडळात धरायचं का न्हाई, हे मी अजून ठरवलेलं न्हाई. कारण आमचं जरा बिनसलेलं आहे.

* * *

तंबोरा माझ्या हातात आला कसा, ते आधी सांगतो.

तरणा होतो तेव्हा अप्पांच्या दुकानात हमाली करायचो. शाळेचं तोंड बघितलेलं न्हाई, अक्षरं शिकलो ती एसटीच्या पाट्यांवर. एक दिवस मी पोती उतरवत होतो आणि अप्पा आतल्या खोलीत रियाजाला बसले होते. गाणं मध्येच थांबवून बाहेर आले.

"पोती कोण टाकून राहिलं?"

मला वाटलं, आता बोलणी बसणार. म्हणालो, "मी, अप्पा."

"मग आवाज का येईना?"

"मी टाकत न्हाई अप्पा. ठेवतो."

अप्पांनी मला वरून खाली बघितलं. खांद्यावरचं पोतं उतरवायला लावलं, हात धुवायला लावले, आणि आत नेऊन मांडीवर तंबोरा दिला. त्याला आता चाळीस वर्षं झाली. पोतं वजनानं जड होतं. हा तंबोरा भीतीनं जड आहे!

* * *

ज्यांनी जवळून बघितला नसंल त्यांच्यासाठी सांगतो. तंबोरा म्हणजे वर लाकडाची लांब दांडी, चार तारा, आणि खाली वाळवलेला मोठा भोपळा. सगळा आवाज त्या भोपळ्याच्या पोटात. आणि तो भोपळा अंड्याच्या टरफलासारखा. जरा आपटला की गेला.

म्हणून एसटीत माझा नेम ठरलेला. खिडकीची जागा तंबोऱ्याला. मी कडंला. धक्का लागायचा तो मला लागावा. लोहा ते लातूर, लातूर ते उदगीर, चाळीस वर्षं मी खिडकीबाहेर बघितलं ते भोपळ्याच्या वरून, मान उंच करून.

एकदा अहमदपूरच्या पुढं एका नव्या कंडक्टरनं विचारलं, "मामा, ह्याचं हाफ काढू का फुल?"

मी म्हणालो, "मांडीवरच्या लेकराला कुठं तिकीट असतंय का साहेब?"

"मग घ्या की मांडीवर! सीटवर कशाला बसवलंय?"

मग काय, पुढचे दोन तास मांडीवर घेऊन बसलो. पाय असे बधिर झाले की लातूरला दोघांनी धरून उतरवलं. आधी तंबोरा, मग मी.

हे मुद्दाम सांगितलं. चाळीस वर्षं तो माझ्या जिवावर फिरला, हे ध्यानात ठेवा. पुढं काय झालं ते ऐका.

* * *

अप्पांचा थोरला बेंगळुरूला नोकरीला आहे. तिथल्या मराठी लोकांनी अप्पांचं गाणं ठेवलं. विमानानं या म्हणाले. तिकिटं आली तीन. अप्पा, मास्तर, रशीदभाई.

अप्पांनी लेकाला फोनवर विचारलं, "अन् किसन?"

अप्पांचा फोन मोठ्यानं बोलतो. मी शेजारीच होतो. लेक म्हणाला, "तंबोरा धरायला इकडं कुणीबी मिळंल की, अप्पा. चार ताराच तर छेडायच्या!"

चार ताराच तर! बरोबर आहे. मला तरी पाचवी कुठं येते?

तंबोरा बांधायला घेतला. त्या खेपेला त्याला विमानाच्या पोटात, सामानात टाकायचं ठरलं होतं. बैलगाडीतून मडकी न्यायची तर जशी बांधतात तसा बांधला. आधी गोधडी, मग कडबा, मग वर सुतळी. नांदेडच्या विमानतळावर सोडायला गेलो. तिथल्या बाईनं दारापाशीच येऊन वर एक स्टिकर लावला. त्यावर काचेच्या ग्लासाचं चित्र.

मास्तर म्हणाले, "ह्याचा अर्थ, नाजूक माल आहे."

रशीदभाई म्हणाले, "अंदर गोधडी, बाहर कडबा, ऊपर गिलास! मामा, ये तो पूरा बरात का सामान लग रहा है!"

सगळे हसले. मी दाराबाहेरच्या कठड्याला धरून, विमान वर जाईपर्यंत बघत राहिलो. लई लवकर बारीक होतंय ते.

संध्याकाळी अप्पांचा फोन. "किसन, भोपळ्याला तडा गेला रे."

मी म्हणालो, "अरारा!"

वाईट वाटलंच. पण खोटं कशाला सांगू, आतून जरा बरंही वाटलं. आणि आता म्हातारपणी सांगून टाकतो. भोपळ्याला गोधड्या दोन लागतात. एक कडब्याच्या आत, एक बाहेर. चाळीस वर्षं मी दोन बांधत आलो. त्या दिवशी एकच बांधली.

विसरलो, असं मी सगळ्यांना सांगितलं.

* * *

तंबोरा परत आला तो माझ्याकडंच. तो राहतोच माझ्या घरी. तड्यावरून बोट फिरवलं आणि दोन दिवस मला भाकर गोड लागली न्हाई.

अप्पा म्हणाले, कारागिराकडं पाठवू. मी म्हणालो, थांबा. माझ्या शेताच्या बांधावर दोन वर्षांमागं असाच एक भोपळा वेलावर वाळला होता. पेरणीचं बी भरून ठेवलं होतं त्याच्यात. त्याचा तळहाताएवढा तुकडा कापला, घासून घासून पातळ केला, आणि आतल्या बाजूनं तड्यावर बसवला. डिंक वाळेपर्यंत नऊ दिवस घरात कुणाला मोठ्यानं बोलू दिलं न्हाई. बायको म्हणाली, "आमच्या बाळंतपणात एवढं केलं नव्हतं तुम्ही!"

दहाव्या दिवशी तारा चढवल्या, छेडल्या. अप्पांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "किसन, आधीपेक्षा गोड झालाय रे!"

मी खाली बघितलं. असं शाबासकी घेताना खाली बघायची पाळी कधी आली नव्हती.

आणि मग अप्पांनी जाहीर केलं, "आता हा परत सामानात जाणार न्हाई. सीटवर बसून जाणार. चौथं तिकीट तंबोऱ्याचं!"

म्हणजे बघा! एक गोधडी मी कमी बांधली, आणि त्याला विमानात जागा झाली. माझ्याच हातानं!

* * *

ते तिकीट काढताना मी नव्हतो. रशीदभाईनं सांगितलेलं सांगतो.

लातूरचा एक तिकिटं काढून देणारा एजंट. त्याच्या कॉम्प्युटरपुढं हे तिघं बसलेले. एजंट म्हणाला, "सीट मिळंल. पण सीटला नाव पाहिजे. रिकामी सीट हा कॉम्प्युटर घेत न्हाई."

अप्पा म्हणाले, "तंबोरा लिहा."

"आडनाव?"

"माझं लावा. पोरासारखाच आहे."

"वय?"

"चाळीसच्या पुढं."

"आधार कार्ड?"

रशीदभाई म्हणाले, "कार्ड नहीं है, मगर उंगली के निशान देख लो भाई। ऊपर से नीचे तक सब मामा के हैं!"

एजंट वैतागला. तेव्हा मास्तर पुढं झाले. म्हणाले, "द्या इकडं. मी भरतो."

त्यांनी चष्मा चढवला, फॉर्म पुढं ओढला, काय लिहायचं ते लिहिलं. तिकीट निघालं. मास्तरांनी काय लिहिलं, कुणी विचारलं न्हाई. शाळेतल्या माणसानं लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार, असं आमच्यात आहे.

आणि जागा कुठली मिळाली? खिडकीची! विमानात म्हणे असं सामान खिडकीलाच ठेवतात, म्हणजे कुणाच्या वाटेत येत न्हाई.

मी म्हणालो, "तिथंबी खिडकी त्यालाच का?"

* * *

अप्पांचा नेम असा, की कार्यक्रमाला निघताना तीन बोटांनी कपाळावर भस्म लावायचं, आणि मग त्याच बोटांनी भोपळ्यावर तीन पट्टे ओढायचे. वडिलांच्या वेळेपासूनचं आहे. विमान असो का बैलगाडी.

परतीच्या वेळी तिकडच्या तपासणीला तंबोरा थांबवला. एक दांडगा साहेब आला, भोपळ्यावरून बोट फिरवून म्हणाला, "ये सफेद पाउडर क्या है?"

अप्पांचं हिंदी दुकानापुरतं. म्हणाले, "भस्म है।"

"किसलिए?"

"लगाने के वास्ते।"

"कहाँ लगाने के वास्ते?"

आता तोंडानं सांगायचं की न्हाई? अप्पांनी खिशातली पुडी सोडली, तीन बोटं बुडवली, आणि त्या साहेबाच्या कपाळावर ओढले तीन पट्टे! "यहाँ।"

रशीदभाई सांगतात, सगळी लाईन थिजली. मशीनचा पट्टासुद्धा थांबल्यासारखा वाटला. मास्तरांनी तर डोळेच मिटून घेतले. साहेब तसाच उभा. मग त्यानं हळूच टोपी काढली, मान खाली घातली, आणि म्हणाला, "जाइए बाबा।"

मागचे दोघं कपाळ पुढं करून उभे राहिले!

रशीदभाई म्हणतात, "मेरे कू तो डर लगा, अब्बी अप्पा मशीन को भी लगाते!"

सगळे हसतात इथं. मीही हसतो. पण एक सांगू? चाळीस वर्षांत अप्पांनी मला स्वतःच्या हातानं कधी भस्म लावलं नव्हतं. पुडी पुढं करतात, "घे किसन" म्हणतात. मी माझं घेतो. भोपळ्याला मात्र ते लावतात. आणि आता त्या साहेबालाही!

* * *

पुढच्या खेपेला रशीदभाई आणि तंबोरा शेजारी शेजारी. पुढच्या सीटच्या मागं जेवणाची फळी असते, ती पाडून रशीदभाईंनी त्यावर ठेका धरला. संध्याकाळच्या कार्यक्रमाची तालीम. त्यांच्या पलीकडं गुरुद्वाऱ्याचं दर्शन घेऊन निघालेले एक वयस्क सरदारजी होते. त्यांनी मांडीवर ताल धरला. झालं, रंग भरला!

तेवढ्यात हवाईसुंदरी आली. "सर, ट्रे बंद कीजिए। टेक-ऑफ है।"

रशीदभाई बोटं न थांबवता म्हणाले, "बेटा, सम पे आने दो। फिर विमान बी उठाओ, ट्रे बी उठाता हूँ!"

सम म्हणजे तालाचा पहिला ठोका. फिरून तिथं आल्याशिवाय तबलजी थांबत न्हाई. ती पोरगी खरंच थांबली म्हणे. सम आली, सरदारजींनी "वाह!" म्हणून हात उंच केला, आणि फळी बंद झाली.

मग खाणं आलं. तिकिटातच होतं. तंबोऱ्याचंही तिकीट, म्हणून तंबोऱ्यापुढंही पाकीट! रशीदभाईंनी ते जपून पिशवीत टाकलं आणि तिसऱ्या दिवशी लोह्याला येऊन माझ्या हातात ठेवलं. आत सँडविच. कडा वर वळलेल्या.

"लो मामा। आपके तंबोरे ने आपके वास्ते भेजा है।"

आता ह्याला काय म्हणावं? चाळीस वर्षं मी त्याला वाऱ्यापासनं जपलं, पावसापासनं जपलं, आणि तो विमानातून मला उरलंसुरलं पाठवून राहिला! म्हशीला टाकावं म्हणून उठलो. मग अर्धं म्हशीला टाकलं. अर्धं खाल्लं. विमानातलं होतं शेवटी.

त्याच सुमारास माझ्या फोनवर इंग्रजी मेसेज यायला लागले. मंडळी विमानानं गेली की एक, परत आली की एक. म्हणजे बघा, आधीच जळून बसलेलो, त्यात वरून टिंग टिंग! कर्ज घ्या म्हणत असतील, असं समजून मी ते पुसून टाकायचो.

* * *

आता माझ्या लबाडीचा एक किस्सा.

हे सगळं मी इतक्यांदा ऐकलं आणि इतक्यांदा सांगितलं, की लोह्याच्या स्टँडवरच्या हॉटेलात लोक मलाच विमानातला माणूस समजायला लागले. मी खोटं बोलायचो न्हाई. फक्त "मी नव्हतो" एवढं सांगायचं राहून जायचं.

एकदा तिथं एक जण म्हणाला, "मामा, वरून ढग कसे दिसतात हो?"

मी म्हणालो, "जिनिंगमध्ये सरकी काढलेल्या कापसाचा ढीग असतोय का न्हाई? तसेच. पाय ठेवावा वाटतो."

"अन् मामा, खिडकी उघडता येती का?"

आता आली का पंचाईत! मला काय माहीत? पण दहा माणसं तोंडाकडं बघून राहिलेली.

मी चहाचा घोट घेतला आणि म्हणालो, "येती. पण तंबोऱ्याला वारा लागतो. सूर उतरतो. म्हणून आमी उघडत न्हाई."

सगळ्यांनी माना डोलावल्या. खरंच वाटलं त्यांना!

कोपऱ्यात मास्तर बसले होते. लातूरहून परत जाताना गाडी बदलायला उतरलेले. मला ते दिसलेच नव्हते. माझ्या कानापासून मानेपर्यंत सगळं तापलं. मास्तर उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि त्या लोकांना म्हणाले, "बरोबर सांगतायत मामा. आम्ही उघडत नाही."

आणि गाडीकडं गेले.

त्या दिवशी मी दुसरा चहा घेतला न्हाई. माणसानं एवढं चांगलंही वागू नये. जळायलासुद्धा जागा ठेवत न्हाई!

* * *

चौथ्या खेपेचं असं झालं. बेंगळुरूला कार्यक्रमाआधी सोसायटीतल्या एका बाईंनी तंबोरा स्वच्छ पुसायला घेतला. भक्तीनंच. तारांखाली बारीक बारीक दोऱ्याचे तुकडे दिसले. त्यांना वाटलं, कचरा अडकलाय. काढून टाकले!

तो दोरा म्हणजे तंबोऱ्याचा जीव. तारेखाली, खालच्या पट्टीवर असतो. केसभर पुढं-मागं सरकवला की तार घुमायला लागते. दोरा नसला की तार नुसती टणटण करते, रिकाम्या डब्यासारखी. ते काम चाळीस वर्षं माझं. दुसऱ्या कुणी कधी हात लावलेला न्हाई. मी लावूच दिला न्हाई, असंही म्हणा.

मी इकडं शेतात होतो. फोन आला. अप्पा.

"किसन, लोक येऊन बसलेत अन् तंबोरा बोलत न्हाई. दोरे गेलेत. मास्तरांना जमेना, रशीदभाईला जमेना. मी काय करू रे?"

सांगतो काय वाटलं. पहिल्यांदा वाटलं, बघा आता, चार ताराच तर छेडायच्या होत्या! तोंडापर्यंत आलं होतं. पण तेवढ्यात फोनमधून मागची ती टणटण ऐकू आली. लेकरू परक्या गावात रडावं तसं.

मी धावत विहिरीच्या कठड्यावर चढलो, तिथं रेंज येते. म्हणालो, "अप्पा, रशीदभाईच्या झब्ब्याचा दोरा काढा. रेशमी हाय तो. चार तुकडे करा. अन् फोन भोपळ्याला लावा."

"झाला लावून."

"पहिली तार छेडा. दोरा पुढं घ्या. आणखी. आणखी जरा... थांबा! गेला पुढं. मागं घ्या. माशीच्या पायाएवढं!"

आणि फोनमध्ये तार उघडली. अशी उघडली, की मी विहिरीवर उभ्या उभ्या डोळे मिटले. मग दुसरी. मग तिसरी. चौथ्या तारेला पलीकडच्या शेतातला माणूस ओरडला, "मामा, खाली उतरा, पडाल!"

चारही एकदम घुमल्या. अप्पांनी फोन बंद केला न्हाई. तसाच भोपळ्यापाशी ठेवला आणि गायला बसले. मी विहिरीवर बसून ऐकत होतो. गाणं रंगात आलं आणि फोनची चार्जिंग संपली!

नंतर रशीदभाई म्हणाले, गाणं संपल्यावर अप्पा माईकवर बोलले. "आजचा तंबोरा आमच्या किसननं लोह्याहून लावलाय." लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या म्हणे.

मला काय त्याचं? टाळ्या माझ्या, आणि ऐकल्या कुणी? त्यानं. पुढं बसून!

पण अप्पा परत आले ते नांदेडहून थेट माझ्या घरी. बाजेवर बसले, पाणी प्याले आणि म्हणाले, "किसन, पुढल्या खेपेला तिकिटं पाच."

* * *

पाच तिकिटं! मास्तरांनीच फॉर्म भरला. नांदेडच्या विमानतळावर मी जन्मात पहिल्यांदा कठड्याच्या आतल्या बाजूला आलो. बायकोनं धोतर परीट घडीचं करून दिलं होतं. भोपळ्याला गवसणीच्या, म्हणजे खोळीच्या, आतून एक गोधडी आणि बाहेरून एक, दोन्ही बांधल्या होत्या. सीटवर बसून जाणार होता, गरज नव्हती. तरी बांधल्या.

आणि मी मनाशी एक ठरवून आलो होतो. विमानात बसलो की अप्पांना म्हणायचं, "अप्पा, चाळीस वर्षं झाली. आज खिडकी मला." बस. एवढंच. सकाळपासून तेच वाक्य घोकत होतो.

आत जायच्या आधी अप्पांनी पुडी काढली. स्वतःला लावलं. गोधड्या, गवसणी थोडी सारून भोपळ्याला लावलं आणि तेवढा भाग उघडाच ठेवला. मी हात पुढं केला, नेहमीसारखा. अप्पांनी पुडी दिली न्हाई. भोपळ्यावरची ती तीन बोटं तशीच उचलली आणि माझ्या कपाळावर टेकवली.

मी माझं वाक्य निम्मं विसरलो.

काउंटरवर नांदेडचीच पोरगी होती. बोलायला लाघवी. अप्पांचं झालं, मास्तरांचं झालं, रशीदभाईचं झालं. मी तंबोरा कडेवर घेऊन पुढं झालो. तिनं माझं कार्ड बघितलं, कॉम्प्युटर बघितला आणि हसली.

"या किसनराव! तुम्ही तर आमचे जुने प्रवासी."

मी म्हणालो, "न्हाई बाई. मी पहिल्यांदाच चाललोय."

"असं कसं? किसन मारोती, मुक्काम तालुका लोहा. हे काय, येऊन-जाऊन सहा वेळा गेलात. दर वेळी खिडकीला. मेसेज येत नव्हते का तुम्हाला?"

मी मागं वळून बघितलं. मास्तर आपल्या चपलांकडं बघत होते. रशीदभाई छताकडं. अप्पांनी मास्तरांकडं बघितलं आणि तोंडाला रुमाल लावला. हसत होते का काय, कळलं न्हाई.

पोरगी पुन्हा कॉम्प्युटरमध्ये बघून गोंधळली. "पण आज एक घोळ आहे, काका. दोन सीट आहेत आणि दोन्हीवर एकच नाव. एक खिडकीची, एक मधली. खिडकीवाले किसन मारोती कोण?"

मी म्हणालो, "मी."

तिनं एक तिकीट फाडून माझ्या हातात दिलं.

"आणि मधल्या सीटवरचे?"

मी कडेवरच्या तंबोऱ्याकडं बघितलं. ती पण बघत होती, एकदा त्याच्या भोपळ्याकडं, एकदा माझ्या कपाळाकडं. दोन्हीवर तेच तीन पट्टे.

म्हणालो, "त्योबी मीच."